पिकअपच्या इंजिनाला विजेचे पंखे: आंबा घाटातील तीन ऋतूंचा अनुभव

माझ्या अडीच लिटर डिझेल इंजिनाच्या पिकअपचा पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्या जागी विजेवर चालणारे दोन पंखे बसवले. हिवाळ्यातील भाजीपाला, एप्रिल-मे महिन्यांतील हापूसचा संपूर्ण हंगाम आणि त्यानंतरचा कोकणातील पाऊस, असे तिन्ही ऋतू गाडीने याच पंख्यांवर काढले आहेत. हा बदल करावा की नाही, असे अनेक गाडीमालक विचारतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. भरलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असताना रेडिएटरमधून पुरेशी हवा जाते का, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पंख्यावर जितके अवलंबून असते तितकेच काऊल (पंख्याभोवतीचे, रेडिएटर झाकणारे आवरण), वायरिंग आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) यांवर असते.

आधी मूळ पंख्याचे काम समजून घ्यावे. तो वॉटर पंपाच्या शाफ्टवर बसतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाचे व्हिस्कस कपलिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की कपलिंगच्या तोंडावरील द्विधातूची पट्टी वळते, झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरते आणि पंखा पुलीबरोबर जोरात फिरू लागतो. हवा थंड असली की तो बराचसा सुटा राहून हळू फिरतो. ही रचना अत्यंत हुशारीची आहे आणि ती काढण्यापूर्वी तिचा मान राखला पाहिजे. माझ्या गाडीचे कपलिंग जुने होऊन जाम झाले होते. त्यामुळे पंखा थंड इंजिनावरही सतत घोंघावत असे. नवे कपलिंग घेण्याचा मार्ग खुला होता, परंतु महामार्गाच्या रुंदीकरणामुळे हातखंब्याच्या आसपास गाडी बराच वेळ उभी राही, तेव्हा एसी चालू असला की तापमानाचा काटा वर सरकत असे. इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून मंद गतीने चालू असताना पट्ट्यावरचा पंखाही मंदच फिरतो, ही त्या रचनेची मर्यादा आहे. विजेच्या पंख्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणेघेणे नसते, म्हणून मी त्याकडे वळलो.

बाजारात मिळणारे पातळ, कोणत्याही गाडीला बसतील असे सांगून विकले जाणारे पंखे मी घेतले नाहीत. एका प्रवासी मोटारीचा मूळ दुहेरी पंख्यांचा संच काऊलसकट घेतला. काऊल नसलेला पंखा रेडिएटरच्या तेवढ्याच वर्तुळातून हवा ओढतो आणि कोपरे तसेच गरम राहतात, त्यामुळे पंख्याइतकेच महत्त्व काऊलला आहे. संचाची रुंदी माझ्या रेडिएटरला पुरत नव्हती, म्हणून कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चौकट करून घेतली, तिच्या कडांना रबरी पट्टी लावली आणि खालच्या बाजूला रबराच्या दोन झडपा ठेवल्या. वेगात धावताना समोरून येणारी हवा या झडपा उघडून मागे निघून जाते. पंखा ओढू लागला की त्या आपोआप मिटतात. पंखे रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारे असेच बसवले आहेत. काही ठिकाणी रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या दोऱ्या आरपार घालून पंखा बांधतात. तसे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा, कारण हादऱ्यांनी त्या दोऱ्या जाळी आणि नळ्या कापत जातात. पंख्याचे वजन चेसिसला किंवा रेडिएटरच्या चौकटीला पकडलेल्या ब्रॅकेटवरच हवे.

जुना पंखा निघाल्यावर वॉटर पंपाच्या पुलीचे लांब बोल्ट तसेच आवळले तर ते खोल जाऊन अडकू शकतात, म्हणून आखूड बोल्ट लावावे लागले. काही गाड्यांमध्ये कपलिंगचा मोठा नट उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. पंख्याचे वजन गेल्याने पंपाच्या बेअरिंगवरचा भार कमी झाला, हा जाता जाता झालेला फायदा.

आता वायरिंग, आणि येथे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक गाड्या येथेच दगा देतात. दोन्ही पंखे चालू असताना क्लॅम्प मीटरवर साधारण 22 अँपिअर प्रवाह दिसतो, म्हणजे 13.8 व्होल्टला सुमारे 300 वॅट. सुरू होण्याच्या क्षणी तो याच्या दोन-तीन पट उसळतो. पहिल्यांदा ज्या वायरमनने काम केले त्याने दोन्ही पंखे एकाच रिलेवर (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) आणि बारीक वायरवर घेतले होते. काही आठवड्यांतच रिलेच्या सॉकेटचा एक कोपरा तपकिरी होऊन वितळला आणि पंख्यापाशी व्होल्टेज मोजले तेव्हा बॅटरीपेक्षा सव्वा व्होल्ट कमी भरले. एवढ्या घटीनेही मोटर मंदावते आणि हवा कमी होते. गाडी हीट झाली की दोष मात्र पंख्याला दिला जातो. आता प्रत्येक पंख्याला स्वतंत्र 40 अँपिअरचा रिले आणि 30 अँपिअरचा फ्यूज आहे, वायर 6 चौरस मिलिमीटरची आहे, वायरच्या टोकाला धातूचे लग दाबून (क्रिंप करून) त्यावर नळी चढवलेली आहे आणि अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर न देता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेला आहे. फ्यूज बॅटरीजवळच ठेवावा, म्हणजे वाटेत वायर घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही.

तापमानाचा सेन्सर जाळीत खुपसायच्या सळीचा न घेता आट्यांचा घेतला आणि वरच्या होज पाइपात जोडतुकडा टाकून बसवला. माझा थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, 82 अंशांना उघडायला लागतो. एक पंखा 92 ला, दुसरा 96 ला सुरू होतो आणि दोन्ही 88 च्या खाली बंद होतात. पंखा थर्मोस्टॅटच्या तापमानालाच सुरू केला तर तो कधी थांबतच नाही. डॅशबोर्डवर हाताने चालू-बंद करण्याचे बटण, आकड्यांचा तापमापक आणि 104 अंशांचा बझर लावला आहे. बझरला मी चैन समजत नाही. व्हिस्कस कपलिंग हळूहळू निकामी होते आणि आवाजातून तसे कळते. विजेचा पंखा एका क्षणात, अगदी मुकाट्याने बंद पडतो.

रस्त्यावरचा अनुभव असा. रांगेत, फाटकावर, मार्केट यार्डात उभे असताना सुधारणा निर्विवाद आहे: एसी चालू ठेवूनही तापमान 90 ते 95 च्या मध्येच राहते. सपाट रस्त्यावर साठच्या पुढे वेग गेला की पंखे बहुतेक वेळ बंदच असतात, कारण समोरून येणारी हवा पुरते. हिवाळ्यात पहाटे मलकापूरच्या बाजूला इंजिन पूर्वीपेक्षा लवकर कामाच्या तापमानाला येते. केबिनमधील घोंघाट गेला, आणि दिवसभर चालवणाऱ्या माणसाला तो फरक संध्याकाळी अंगात जाणवतो.

खरी परीक्षा घाटाच्या पायथ्याकडील साखरप्याच्या पुढे आहे. पेट्यांनी भरलेली गाडी आंबा घाट चढते तेव्हा वेग वीस-पंचवीसचा, म्हणजे समोरची हवा नगण्य, आणि इंजिनाच्या फेऱ्या मात्र चढ्या. पट्ट्यावरचा पंखा नेमका याच वेळी सर्वाधिक ताकदीने ओढतो, कारण तो इंजिनाबरोबर वेग घेतो. विजेचा पंखा मात्र रांगेत जेवढी हवा ओढतो तेवढीच घाटात ओढतो. कपलिंग धडधाकट असताना ही गाडी घाटात 94-95 च्या पुढे जात नसे. आता मे महिन्यातील दुपारी, पूर्ण भारावर, आकडा 101-102 वर जाऊन स्थिरावतो. रेडिएटरची 0.9 बार दाबाची कॅप आणि पाणी-कूलंटचे निम्मे-निम्मे मिश्रण असल्यामुळे उकळण्यापासून अजून बरेच अंतर असते, आणि गाडी एकदाही उकळलेली नाही, परंतु हाताशी असलेली शिल्लक कमी झाली आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यावर माझा उपाय असा, की साखरपा सोडतानाच बटण दाबून दोन्ही पंखे चालू करायचे आणि चढावर एसी बंद ठेवायचा. पाणी एकदा तापल्यावर ते खाली आणण्यापेक्षा तापूच न देणे पंख्यांना सोपे जाते. एवढ्याने तीन-चार अंशांचा फरक पडतो.

पावसाळ्यात रात्री हेडलाइट, वायपर, केबिनचा ब्लोअर आणि दोन्ही पंखे एकदम चालतात आणि गाडी रांगेत उभी राहते, तेव्हा आयडलवर व्होल्टेज 12.6 पर्यंत उतरते. अशा वेळी अल्टरनेटर पुरा पडत नसतो आणि बॅटरी खर्ची पडत असते. आयडल किंचित वाढवून घेतल्यावर ते 13 च्या वर राहू लागले. ज्यांच्या गाडीचा अल्टरनेटर जुना आहे त्यांनी पंखे घेण्याआधी तो तपासून घ्यावा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना मात्र बटणाचा मोठा उपयोग होतो: पंखे बंद करून पाणी ओलांडले की पाती पाण्यात वाकत नाहीत आणि इंजिनावर फवारा उडत नाही.

जाळीची सफाई पूर्वीपेक्षा अधिक नियमाने करावी लागते. परतीच्या खेपेत कांदा भरताना यार्डात उडणारे पापुद्रे एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत ओल्या कागदासारखे चिकटतात. समोरून पाहिले तर काही दिसत नाही, टॉर्च लावून वरून डोकावल्यावरच थर दिसतो. मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने तो धुऊन काढावा.

ॲव्हरेज पाहायचे तर टाकी भरून पुन्हा टाकी भरेपर्यंत मोजले असता लिटरमागे अर्ध्या किलोमीटरचाही फरक पडलेला नाही, आणि जो थोडा पडला त्यातही जाम झालेले कपलिंग गेल्याचा वाटा असणार. चांगले व्हिस्कस कपलिंग बहुतेक वेळ सुटेच फिरत असल्याने तेथे वाचवण्यासारखे फारसे नसतेच. शिवाय विजेच्या पंख्याचे 300 वॅटही अल्टरनेटरमार्फत इंजिनच पुरवते.

सहाचाकी आणि त्याहून मोठ्या ट्रकच्या मालकांनी या वाटेला जाऊ नये. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. मोठ्या डिझेल इंजिनाचा पंखा पूर्ण जोरात अनेक अश्वशक्ती खातो आणि तेवढी वीज 24 व्होल्टच्या साध्या अल्टरनेटरमधून निघत नाही. तेथे व्हिस्कस कपलिंगच, शक्य असल्यास इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे, योग्य आहे. लहान पिकअपमध्येही ज्यांचे काम मुख्यतः भार घेऊन घाट चढण्याचे आहे आणि ज्यांचे कपलिंग ठीक आहे, त्यांना मी हा बदल सुचवणार नाही. शहरात वाटप करणाऱ्या, दिवसभर थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीसाठी मात्र निःशंकपणे सुचवेन.

माझा निम्मा प्रवास रांगांचा आणि निम्मा घाटाचा आहे, म्हणून मी हे पंखे ठेवले आहेत. पण घाटासाठी नवे कपलिंग आणून, मूळ पंख्याला जोडून, लांब बोल्टांसह घरी ठेवले आहे. ते आडवे टाकलेले नाही. गाडीवर असते तसे उभे ठेवले आहे, कारण आडवे ठेवल्यास सिलिकॉन तेल पाझरते आणि ऐन गरजेच्या वेळी कपलिंग कोरडे निघते.