कायोटीला पळवणारा एअर हॉर्न: चार महिन्यांच्या वापरानंतर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले आणि मोतीला सकाळी फिरवून आणायचं काम आपणहून अंगावर घेतलं. मोती म्हणजे साडेसहा किलोचा, पांढरा, पायात पायात करणारा कुत्रा. आम्ही जातो ते अल्माडेन क्विकसिल्व्हर पार्कात. एकेकाळी इथे पाऱ्याच्या खाणी होत्या, आता नुसती टेकाडं, ओकची झाडं आणि पायवाटा. पट्टा लावून कुत्र्याला नेता येतं. माउंटन लायनबद्दल, म्हणजे इथल्या मोठ्या जंगली मांजराबद्दल, सावध करणारी पाटी आहे. ती मी घरी येऊन सांगितली, तर दुसऱ्या दिवशी जावयांनी हा हॉर्न आणून हातात ठेवला. "आई, हा खिशात असल्याशिवाय तिकडे जायचं नाही."

वस्तू साधी आहे. डिओड्रंटच्या छोट्या बाटलीएवढा डबा, आत दाबून भरलेला वायू, वर लाल प्लास्टिकचा कर्णा. बोटींवर वापरतात त्याचीच लहान आवृत्ती. डब्यावर १२० डेसिबल लिहिलंय. मोजायला माझ्याकडे काही नाही, पण अंगणात पहिल्यांदा वाजवला तेव्हा कानात बराच वेळ शीळ घुमत राहिली आणि मोती सोफ्याखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. हात लांब करून, कर्णा स्वतःपासून दूर धरूनच वाजवायचा. कानाशी तर चुकूनही नाही.

आता मे महिन्यातली सकाळ सांगते, कारण हॉर्नची खरी परीक्षा तेव्हाच झाली.

साडेसहा वाजले असतील. गारठा होता. वळणावर मोती थांबला आणि त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. मागे पाहिलं तर तीसेक पावलांवर कायोटी. आपल्या कोल्ह्यापेक्षा जरा मोठा, पाय लांब, कान उभे, अंगाचा रंग वाळल्या गवतासारखा. मी थांबले, तोही थांबला. मी चार पावलं टाकली, त्यानेही टाकली. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही. शेपूट खाली, नजर मोतीवर. असं गुपचूप मागून येणाऱ्या जनावराची भीती वेगळीच असते.

पळायचं नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभावच आहे. मोतीला उचललं, कायोटीकडे तोंड केलं, मोकळा हात डोक्यावर उंच धरला आणि पोटातून ओरडले, "हाऽऽट! हो मागं!" तो दोन पावलं मागे सरकला. मग बाजूने गवतात शिरून पुन्हा पुढे यायला लागला. तेव्हा खिशात हात घातला.

इथे या हॉर्नची पहिली खोट कळली. वरच्या बटणाखाली प्लास्टिकची एक पट्टी असते, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. ती काढायला दोन हात लागतात. माझ्या डाव्या काखेत मोती, मनगटाला पट्टा. शेवटी दातांनी ओढून काढली. आणि दाबलं तर आवाज आला "पींऽ", सायकलच्या भोंप्यापेक्षा थोडा मोठा. पोटात गोळा आला. पुन्हा, अंगठ्याने पूर्ण जोर लावून दाबलं तेव्हा मात्र दरी दणाणली. कायोटी जागच्या जागी उडाला, वळला आणि सुसाट गेला. वीस-पंचवीस पावलांवर थांबून त्याने मागे वळून पाहिलं. मी आणखी एकदा वाजवला. मग तो झाडीत दिसेनासा झाला.

त्याच क्षणी मोतीने काखेतून जी उसळी मारली, ती माझ्या मनगटावर अजून आहे. पट्टा मनगटाला नसता तर तो सरळ कायोटीच्याच दिशेने पळाला असता. हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते: कुत्रा बरोबर असेल तर आधी त्याला घट्ट धरा, मग हॉर्न. नंतर आठवडाभर अंगणात त्याला खाऊ देता देता लेकीने लांबून, दोन भिंतींपलीकडून हॉर्न वाजवला. आता तो दचकतो, पण पळत नाही.

पहिला आवाज तसा का निघाला? गारठ्यात डब्यातल्या वायूचा दाब पडतो, हे एक. दुसरं म्हणजे घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाजवून दाखवला होता, त्यात अर्धा डबा संपला होता. किती उरलंय ते बाहेरून दिसत नाही. आता दर पंधरा दिवसांनी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते आणि नव्या डब्याच्या वजनाशी ताडून बघते. सकाळी निघायच्या आधी डबा अंगरख्याच्या आतल्या खिशात असतो, अंगाच्या उबेला. उलट उन्हात उभ्या गाडीत तो कधीच ठेवू नका. १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४९ सेल्सिअसच्या वर तापू देऊ नये अशी सूचना डब्यावरच आहे, आणि इथल्या उन्हाळ्यात बंद गाडी तेवढी सहज तापते.

परतताना पार्कच्या रेंजर बाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जवळपास पिल्लं असणार. कायोटीची पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात. त्या दिवसांत बिळाजवळून कुत्रा घेऊन कोणी गेलं की आईबाप असे मागे मागे येतात, हद्दीबाहेर पोहोचवेपर्यंत. याला इकडे एस्कॉर्टिंग म्हणतात. अशा वेळी हल्ल्याचा इरादा सहसा नसतो, तुम्ही निघून जावं एवढंच हवं असतं. हे ऐकून माझा जीव कळवळला. मी त्याच्या दारात उभी राहून त्याच्यावरच भोंगा वाजवला होता. लहान कुत्रा सोबत असताना मी दुसरं काही केलं असतं असं नाही, पण दोनदा वाजवून झाल्यावर आल्या वाटेने मागे फिरले तेच बरोबर केलं, असं त्या म्हणाल्या.

म्हणूनच हा हॉर्न घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, लांब टेकाडावर दिसलेल्या प्रत्येक कायोटीवर तो वाजवू नका. तो आपल्या वाटेने जात असेल तर जाऊ द्या. आवाजानंतर काहीच होत नाही हे जनावराला कळलं की आवाजाची किंमत संपते, आणि मग ज्याला खरी गरज पडेल त्याच्या हातात नुसता डबा उरतो. अमेरिका आणि कॅनडात कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच आहेत: १९८१ साली कॅलिफोर्नियात ग्लेनडेलमध्ये एक तीन वर्षांची मुलगी, आणि २००९ साली कॅनडात केप ब्रेटन हायलँड्स नॅशनल पार्कमध्ये एकटी फिरायला गेलेली १९ वर्षांची गायिका. दोन म्हणजे थोड्या, पण त्या दोघी कुणाच्या तरी लेकी होत्या. लहान मूल आणि लहान कुत्रा हाताच्या अंतरावरच हवा.

माउंटन लायन मला दिसलेला नाही. त्याच्यासाठीही आवाज चालतो, पण त्याच्यासमोर वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही, आणि अंगावर आलाच तर लढायचं. वाकलेला माणूस त्याला चारपायी भक्ष्यासारखा दिसतो. म्हणून मोतीला आता पाठीवर कडी असलेला हार्नेस घेतलाय. गुडघे जरासे मोडून, नजर समोर ठेवून एका हाताने उचलता येतो. खरं सांगायचं तर हॉर्नपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

अस्वलांसाठी मात्र यावर भिस्त ठेवू नका. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल आहे, पण राज्यात तो शंभर वर्षांत दिसलेला नाही. इथली सगळी काळी अस्वलं. योसेमिटी नॅशनल पार्कात बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, न्यायला बंदी आहे, तिथे आम्ही हॉर्न नेला होता. लांबून एक अस्वल ओंडका उकरताना दिसलं. ५० यार्डांचं अंतर ठेवायचा नियम आहे, आम्ही त्याहून बरेच दूर होतो, हॉर्न खिशातच राहिला. यलोस्टोन नॅशनल पार्कात ग्रिझली आहेत, तिथे जाणार असाल तर बेअर स्प्रेच घ्या आणि तो सॅकमध्ये नको, कमरेला हवा. ग्रिझलीसमोर अचानक कर्कश आवाज करणं म्हणजे त्याला डिवचणं.

पाचपैकी साडेतीन तारे. आवाजाला पूर्ण गुण. एक तारा कापला तो त्या पट्टीसाठी, अर्धा उरलेला वायू दिसत नाही म्हणून. पट्टीला मी आता जाड दोऱ्याचा फास बांधलाय, एका बोटाने ओढली की निघते. नवा डबा दाराजवळच्या खुंटीवर मोतीच्या हार्नेसशेजारी टांगलाय. आणि ती वळणाची वाट पिल्लं मोठी होईपर्यंत आम्ही सोडली आहे.