वाजवायचं, लिहायचं की शिकवायचं? जॅझ सॅक्सोफोनवाल्यासमोरच्या तीन वाटा

जॅझ सॅक्सोफोनवर बऱ्यापैकी हात बसला की एक वेळ अशी येते जेव्हा तिन्ही गोष्टी एकदमच समोर येतात. गिग, म्हणजे पैसे घेऊन वाजवायचे कार्यक्रम, मिळायला लागलेले असतात, स्वतःच्या चारदोन ट्यून्स लिहून झालेल्या असतात आणि कुठल्यातरी कॉलेजातून शिकवायला येता का म्हणून विचारणा होते. लोक म्हणतात तिन्ही कर, सगळेच करतात. खरंय, करतात सगळेच, पण वजन कुठे टाकायचं ते ठरवावंच लागतं, नाहीतर परिस्थिती तुमच्या वतीने ठरवून टाकते. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की लोक तुलनाच चुकीची करतात. वाजवणं की शिकवणं असा प्रश्न घालतात, पण या दोघांचं आपसात बरं जमतं. खरी ओढाताण असते ती शिकवणं आणि लिहिणं यांच्यात.

आधी वाजवण्याचं बघू. नुसतं वाजवूनच जगायचं म्हणजे जास्तीत जास्त काळ दुसऱ्याच्या बॅण्डमध्ये साइडमन म्हणून काढायचा, आणि ते कमीपणाचं अजिबात नाही, उलट शिक्षण तिथेच होतं. टेनर, म्हणजे जरा खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन, वाजवणारा वेन शॉर्टर १९५९ मध्ये ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बॅण्डमध्ये गेला, १९६४ मध्ये ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे, आणि दोन्ही ठिकाणी तो नुसता सोलो घेत नव्हता तर बॅण्डसाठी लिहीत होता. लिहिलेलं लगेच तगड्या लोकांकडून वाजवून घेता येतं, कुठला बार, म्हणजे तालाचा एक खंड, लांबलाय, कुठे ड्रमरला जागाच ठेवली नाही हे तिथल्या तिथे कळतं. ही सोय कुठल्याच क्लासरूममध्ये मिळत नाही.

पण वाजवण्यात तुमचं पोट दुसऱ्याच्या हातात असतं. न्यूयॉर्कमध्ये १९६७ पर्यंत क्लबमध्ये वाजवायला पोलिसांचं कॅबरे कार्ड, म्हणजे परवाना, लागायचा, आल्टो म्हणजे वरच्या पट्टीचा सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॅकी मॅक्लीनचं ते गेलं आणि त्याच्या शहरातले क्लब त्याला बंद झाले, रेकॉर्डिंगवर भागवावं लागलं. आता कार्ड नाही, पण टूर रद्द झाली की पैसे नाहीत हे तसंच आहे, आणि अमेरिकेत हेल्थ इन्शुरन्स बहुतेकांना नोकरीतून मिळतो, त्यामुळे फ्रीलान्स वाजवणाऱ्याला तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. शिवाय शरीर. काही आठवडे सॅक्सोफोनला हात लावला नाही की ओठांच्या कडा सैल पडतात, वरच्या सुरांना पिच हलतो, नेहमीची रीड, म्हणजे माउथपीसवरची वेताची पट्टी, अचानक जड वाटायला लागते. वाजवणं थांबलं की लगेच गंजतं, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा. आणि नुसतं वाजवत राहिलं म्हणजे वाजवणं सुधारतंच असंही नाही बरं का, टेनरवाला सॉनी रॉलिन्स नावारूपाला आलेला असताना १९५९ मध्ये क्लब सोडून बसला आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन दोनेक वर्षं तासनतास रियाज करत होता, कारण गिगच्या धबडग्यात त्याला हवं तसं वाजत नव्हतं.

आता लिहिणं. पैशाच्या बाबतीत याच्याइतकी विचित्र वाट दुसरी नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर तुमचं रेकॉर्ड लागलं तर पैसे ट्यून लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला काहीच नाही! म्हणजे दुसऱ्याची स्टँडर्ड, सगळेच वाजवतात अशी जुनी ट्यून, तुम्ही जीव ओतून वाजवलीत तरी तिथली रॉयल्टी त्याची. याचं सगळ्यात मोठं उदाहरण पॉल डेस्मंड. पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकच्या बॅण्डमधला आल्टोवाला, ‘टेक फाइव्ह’ त्याने लिहिलं, १९५९ मध्ये आलं, १९७७ मध्ये तो गेला आणि मृत्युपत्रात त्याची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला ठेवून गेला, ती अजून चालू आहे. आल्टोवाल्या चार्ली पार्करच्या पिढीला हा हिशोब नीट कळत होता, नुसत्या कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, चालीवर सहसा कॉपीराइट लागत नाही म्हणून जुन्या गाण्याच्या कॉर्ड्स घ्यायच्या, वर नवी मेलडी बसवायची, की ट्यून आपली.

पण यावरून कुणी स्वप्नं बघू नयेत. अमेरिकेत सीडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे ट्यूनचा कायदेशीर दर बरीच वर्षं ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला. म्हणजे २०२३ च्या दराने हजार प्रती खपल्या तर एका छोट्या ट्यूनचे १२० डॉलर, त्यातही पब्लिशरचा वाटा. डेस्मंडसारखं नशीब एखाद्याचंच असतं.

लिहिण्यात नियमित पैसा हवा असेल तर तो सिनेमा-टीव्हीत, आणि तिथे वेगळीच किंमत मोजावी लागते. बेनी गोल्सनचं बघा, ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’, ‘व्हिस्पर नॉट’ लिहिणारा माणूस, आज जगभर त्याच्या ट्यून्स वाजतात. साठच्या दशकात तो हॉलिवूडला टीव्हीचं संगीत लिहायला गेला आणि त्याचा टेनर कित्येक वर्षं पेटीतच राहिला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो परत वाजवायला लागला खरा, पण ट्यून्स जशा टिकल्या होत्या तसा हात टिकला नव्हता, पुन्हा मेहनत करून आणावा लागला. लिहिलेलं कपाटात पडून राहिलं तरी खराब होत नाही, वाजवणं मात्र होतं.

शिकवण्याबद्दल लोक उगाच नाक मुरडतात आणि मला त्याचा खरंच राग येतो. मॅक्लीनने साठच्या दशकाच्या शेवटी हार्टफर्ड विद्यापीठाच्या हार्ट स्कूलमध्ये शिकवायला सुरुवात केली, १९८० मध्ये तिथे आफ्रिकन अमेरिकन संगीताचा विभागच उभा केला, बायकोबरोबर शहरातल्या मुलांसाठी आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह काढलं, आणि हे सगळं करत वाजवतही राहिला. टेनरवाल्या युसेफ लतीफने तर १९७५ मध्ये शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केली. आल्टोवाला रुद्रेश महंतप्पा प्रिन्स्टन विद्यापीठाचा जॅझ कार्यक्रम बघतो आणि त्याचं वाजवणं काही मवाळ झालेलं नाही.

शिकवण्याने वाजवणं सुधारतं हे मी ठासून सांगीन. एखादा मुलगा खालचा बी फ्लॅट काढायला जातो आणि सूर फुटतो, गुरगुरतो. तुम्हाला तो सूर आपोआप येतो, पण का येतो ते सांगायचं म्हटलं की तुम्ही स्वतःच्या घशाकडे, जिभेच्या मागच्या भागाकडे, खालच्या ओठाच्या दाबाकडे पहिल्यांदा नीट लक्ष देता. मग त्याला नुसत्या माउथपीसवर एक सूर धरायला लावता, ओठ थोडा सोडायला सांगता, आणि त्याचा सूर सुटेपर्यंत तुमच्याही टोनचा एक अडकलेला कोपरा सुटतो. हा फायदा खोटा नाही.

मात्र शिकवणं शिकवणं यातही फरक आहे. तासावर पैसे घेणारा पार्ट टाइम शिक्षक आणि टेन्युअर, म्हणजे कायम नोकरी, असलेला प्रोफेसर यांचं जगणं एकमेकांशी जुळतच नाही. पहिल्याला सहसा ना सुट्टीचे पैसे ना पुढच्या सेमिस्टरची खात्री. दुसऱ्याला पगार, इन्शुरन्स, काही वर्षांनी सबॅटिकल, म्हणजे लांब पगारी रजा, पण मीटिंगा, ऑडिशन, समित्या हेही आलंच.

आणि इथेच ते ओढाताणीचं. गिगला तारीख असते, बॅण्ड वाट बघत असतो, म्हणून कितीही दमलात तरी रियाज होतो. लेसनला टाइमटेबल असतं, विद्यार्थी दारात उभा असतो. नव्या ट्यूनची वाट कुणीच बघत नसतं. दिवसभर सहा मुलांकडून तीच तीच स्टँडर्ड ऐकून घरी आल्यावर स्केल्स वाजवता येतात, पण स्वरलिपीच्या कोऱ्या स्टाफ पेपरवर पहिले आठ बार सुचत नाहीत, कारण कान दुसऱ्यांच्या सुरांनी गच्च भरलेला असतो. असं एक सेमिस्टर जातं, मग दुसरं जातं आणि तुम्ही म्हणत राहता की उन्हाळ्यात लिहू.

यावर मला एकच उपाय पटतो, ट्यूनलाही तारीख लावायची. आधी बॅण्ड आणि स्टुडिओ ठरवून मोकळं व्हायचं, मग लिहायचं. नाहीतर अनुदान, चेंबर म्युझिक अमेरिका ही संस्था नव्या जॅझ कामासाठी पैसे देते तशांसाठी अर्ज करायचा, पैसे तर मिळतातच पण कुणीतरी वाट बघायला लागतं. कॉलेजात असाल तर विद्यार्थ्यांच्या एन्सेम्बलकडून, म्हणजे वाद्यगटाकडून, अर्धवट ट्यूनसुद्धा वाजवून घ्या, त्यांनाही न छापलेली गोष्ट वाचायची सवय होते.

मग आत्ता काय निवडायचं? वय विशीत असेल आणि खर्च कमी असतील तर मी डोळे झाकून वाजवा म्हणीन, पैसे कमी मिळाले तरी, कारण मोठ्यांच्या बॅण्डमध्ये बोलावणं त्या वयात येतं, शॉर्टर ब्लेकीकडे गेला तेव्हा २६ चा होता. मॅक्लीन शिकवायला लागला तोवर पस्तिशी उलटली होती आणि मागे रेकॉर्ड्सचा ढीग होता, म्हणून त्याच्या शिकवण्याला वजन होतं. घर चालवायचं असेल, मुलं असतील, तर नोकरी घ्या, मन खाऊ देऊ नका, पण सकाळचे दोन तास कुणालाही द्यायचे नाहीत. लिहिण्यावर सगळं टाकायचं असेल तर किमान महिन्यातून काही गिग चालू ठेवा, नाहीतर गोल्सनसारखं परत शून्यापासून ओठ तयार करावे लागतील.

कॉलेजची ऑफर हातात असेल तर पगाराआधी हे विचारा की टूरला गेलात तर बुडालेले तास नंतर भरून द्यायची मुभा आहे का, तुमच्या ट्यून्सचे हक्क तुमच्याकडेच राहतात का, आणि लेसन सलग दोन-तीन दिवसांत बसवता येतील की आठवडाभर विखुरलेले असतील. उत्तरं लेखी घ्या, आणि ‘बघू, जमवू काहीतरी’ असं तोंडी उत्तर आलं तर तिथे फुल टाइम जाऊ नका, दोन दिवसांचं काम मागा.