मेमरी फोमची गादी ११ महिने वापरून: मे महिन्यात चिखल, जानेवारीत फळी

गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी घेतली, १८,५०० ला, वर एक उशी फुकट. मे महिन्यात रुतायला व्हायचं आणि पाठ तापायची पण ते चालवून घेतलं. खरी गंमत डिसेंबरात. नाशिकची थंडी, त्यात मला खिडकी उघडी लागते, रात्री आडवा झालो तर अक्षरशः फळी! पंधरावीस मिनिटांनी अंगाखालचा भाग मऊ व्हायचा, कूस बदलली की परत फळी. आईने मायेने वर गोधडी घातली तर अजूनच वाईट, का ते नंतर कळलं.

तक्रार केली तर म्हणे फोटो पाठवा. कडकपणाचा फोटो कसा काढतात ते सांगा मला. शेवटी माणूस आला तो दुपारी दीडला, गादीवर मस्त ऊन पडलेलं, हाताने दाबलं आणि "सर एकदम ओके आहे" लिहून गेला.

मग भाचा आला, तो पॉलिमर शिकतो. म्हणाला मामा, गादी बिघडलेली नाही, पॉलियुरेथेन, म्हणजे हा फोम ज्याचा बनतो ते प्लास्टिक, असंच वागतं. त्याचे रेणू लांब साखळीसारखे, त्या साखळीत दोन जातीचे तुकडे असतात, ताठ आणि लवचिक. ताठ तुकडे एकमेकांना धरून गठ्ठे करतात, फोमचा आकार त्यांच्यामुळे टिकतो, आणि मऊपणा लवचिक तुकड्यांच्या हालचालीतून येतो. पण एका तापमानाच्या खाली तेही गारठून जागच्या जागी थिजतात, काचेसारखे. सोफ्याच्या साध्या फोममध्ये हे शून्याच्या बरंच खाली होतं म्हणून सोफा जानेवारीतही तसाच. मेमरी फोममध्ये आखूड साखळ्या घालून ते तापमान मुद्दाम खोलीच्या तापमानाजवळ आणतात, तरच तो अंगाच्या उबेने विरघळल्यासारखा होतो ना. आणि गोधडीने ती ऊबच अडवली!

मला पटेना. गादीबरोबर आलेला सॅम्पलचा तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, सकाळी टेबलावर आपटला तर टकटक वाजला, अर्ध्या तासात परत मऊ. म्हणजे ज्याची तक्रार करतोय त्याचेच पैसे मोजलेत मी. त्यामुळे फोमला दिलेला एक स्टार वाढवून तीन करतोय.

कंपनीचा एकच राहील. माहितीपत्रकावर अंतराळवीर छापलाय, का तर हा फोम १९६६ साली नासासाठी बनला. अहो तो विमानातल्या सीटसाठी होता! अंतराळवीराला जागा आहे, पण "थंडीत कडक होईल" या तीन शब्दांना नाही.

आता झोपायच्या आधी वीस मिनिटं गरम पाण्याची पिशवी फिरवतो, १८,५०० च्या गादीला शेक देतोय. फुकटची उशी मात्र वीटच आहे, ती दाराला लावलीय. आई माळ्यावरची कापसाची गादी काढून तिच्यावर घोरतेय. मी परत तक्रार टाकून माणसाला पहाटे सहाला बोलावलं, तर उत्तर आलं, व्हिजिट दहा ते सहाच.