शिट्टी नसलेला कुकर: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

विजेवर चालणारा सहा लिटरचा प्रेशर कुकर आमच्याकडे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आला आणि तेव्हापासून जवळजवळ रोज लागतो. आधीच सांगते, वेळ वाचेल म्हणून घेणार असाल तर थांबा. साध्या वरण-भाताला तो गॅसवरच्या कुकरपेक्षा जास्त वेळ घेतो. तो वाचवतो ते ओट्यापाशी अडकून पडणं. माझ्या दृष्टीने ही गोष्ट वेळेपेक्षा मोठी आहे आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

घ्यायचं कारण आई. तिला आताशा कमी ऐकू येतं. आम्ही दोघं कामावर गेलो की दुपारी ती एकटी असते, आणि स्वतःचं जेवण गरमच करून घ्यायचं हा तिचा आग्रह आहे. शिट्टी ऐकू आली नाही तर कुकर किती वेळ पेटत राहील, ही काळजी मला ऑफिसात बसून वाटायची. या कुकरची वेळ संपली की तो आपोआप तापवणं थांबवून अन्न नुसतं गरम ठेवतो. मागे गॅस चालू राहिला का, हा प्रश्नच उरत नाही. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस एकटं असतं त्यांना यातला निवांतपणा वेगळा सांगायला नको.

पण आईचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: "अगं, शिट्टीच नाही तर शिजलं हे कळणार कसं?" आपण पिढ्यान्‌पिढ्या तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या या हिशोबाने शिजवत आलो. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. जादा झालेली वाफ वजन उचलून बाहेर पडते, एवढंच. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर पंधरा. विजेवरच्या कुकरमध्ये हव्या तेवढ्या दाबाला पोचलं की आतलं उपकरण हीटर बंद-चालू करत दाब राखतं, त्यामुळे वाफ सोडावी लागत नाही. म्हणून इथे मिनिटंच मोजायची. आणि ही मिनिटं गॅसपेक्षा थोडी जास्त लागतात. आपला नेहमीचा कुकर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाबावर चालतो आणि आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. विजेवरचे बरेचसे कुकर त्याहून कमी, ७० ते ८० किलोपास्कल दाबावर थांबतात, म्हणजे साधारण ११५ ते ११७ अंश. चार-पाच अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, हरभऱ्याला तो नीट कळतो.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. पडद्यावरची मिनिटं दाब तयार झाल्यावरच मोजायला सुरुवात होते. वरण-भाताला मी १० मिनिटं लावते. त्याआधी दाब यायला १२ ते १५ मिनिटं जातात, नंतर वाफ आपोआप जिरायला तेवढीच. एकूण पस्तीस-चाळीस मिनिटं. "दहा मिनिटांत वरण-भात" असं विक्रेता सांगतो तेव्हा हे पुढचं-मागचं त्यात नसतं.

डबे लावण्याची आपली पद्धत इथेही चालते, आणि हे मला फार आवडलं. तळाला दीड वाटी पाणी, त्यावर सोबत आलेली जाळी, खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, वरच्यात तांदूळ. डबे मात्र जुने चालतीलच असं नाही. विकत घेण्याआधी भांड्याचा आतला व्यास मोजून बघा, बाजूने बोटभर जागा राहायला हवी. तांदळाला पाणी कमी लागतं, कारण वाफ बाहेर जात नाही. इंद्रायणीला गॅसवर जेवढं घालत होते तेवढंच घातलं असतं तर गिच्च गोळा झाला असता, तो मुळातच चिकट तांदूळ. एका वाटीला दीड वाटीपासून सुरुवात करावी आणि जुना तांदूळ असेल तर वाढवावं.

कडधान्यांत हा कुकर खरा उजवा ठरतो. शिट्टीवाल्या कुकरमध्ये दर शिट्टीला आतलं पाणी एकदम उसळतं, त्यात दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. इथे पाणी जवळजवळ शांत राहतं. वालाच्या डाळिंब्या अख्ख्या राहतात, छोले आतून लोण्यासारखे मऊ आणि साल मात्र जागेवर. रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना मी २० मिनिटं देते, राजम्याला २५, मसुराला ८. मटकीची उसळ यात करूच नये, कढईतच करावी, यात तिचा चिखल होतो. राजम्याबद्दल एक गंभीर सूचना: बऱ्याच कुकरांत 'स्लो कुक' असं बटण असतं, त्यावर कच्चा राजमा कधीही टाकू नका. राजम्यात जे विषारी लेक्टिन असतं ते मंद उष्णतेने नष्ट होत नाही. त्याला आधी भिजवणं आणि मग चांगलं खळखळून उकळणं किंवा दाबाखाली शिजणंच हवं.

पुरणाला डाळ अप्रतिम शिजते. दोन तास भिजवलेल्या हरभरा डाळीला १२ मिनिटं. डाळ बोटाने चिरडते, पण विरघळत नाही, त्यामुळे कट स्वच्छ निथळतो आणि आमटीला पुरेसा मिळतो. मात्र पुढे गूळ घालून पुरण आटवायचं काम जाड बुडाच्या पातेल्यात गॅसवरच करा. कुकरचं भांडं उंच आणि अरुंद, त्यात उलथनं फिरवताना हात दुखतो आणि पुरण आटत नाही.

याच कारणाने फोडणीबद्दलही माझं फार चांगलं मत नाही. फोडणीचं बटण आहे, तेल तापतं, मोहरी तडतडते. पण पुष्कळ कुकरांच्या भांड्याचं बूड मध्यभागी किंचित फुगीर असतं, तेल कडेला धावतं आणि मधला कांदा कोरडाच राहतो. १००० वॉटच्या आचेवर मटणाचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायला बराच वेळ लागतो. मी वाटण कढईत परतून घेते आणि मटण शिजवायला तेवढं कुकरमध्ये टाकते. बोकडाच्या मटणाला २५ मिनिटं आणि नंतर वाफ आपोआप जिरू द्यायची. पायाच्या सूपला पाऊण तास लावून निवांत बाहेर जाऊन यावं, गॅसवर हे शक्यच नव्हतं. वाटण खाली घट्ट बसलं की कुकर करपण्याची सूचना देऊन थांबतो. म्हणून परतल्यावर थोडं पाणी घालून बूड लाकडी उलथन्याने खरवडायचं, टोमॅटो वरून घालायचा आणि मग ढवळायचं नाही.

वाफ सोडण्याबद्दल ठाम सांगते. डाळ, भात, खीर, फेस येणारं काहीही असेल तर व्हॉल्व्ह हाताने उघडू नका. डाळीचा फेस वाफेबरोबर वर येतो आणि पिवळ्या पाण्याचा फवारा भिंतीपर्यंत जातो, शिवाय व्हॉल्व्हमध्ये कण अडकतात. भाज्या, बटाटे, अंडी यांना लगेच वाफ सोडली तरी चालते. कडधान्य किंवा तांदूळ असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, एरवी दोन तृतीयांशापर्यंत. कुकर वरच्या कपाटाखाली ठेवू नका, वाफेने प्लायवूड फुगतं.

गणपतीत उकडीचे मोदक यात केले. मोदकांना दाब नको, म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. पण मग दाब येत नाही आणि कुकरचं घड्याळ पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवून फोनवर १० ते १२ मिनिटांचा गजर लावायचा. इडलीलाही हेच. दह्याचं बटण मला आधी फालतू वाटत होतं, पण ते साधारण ४० ते ४३ अंशांवर दूध धरून ठेवतं आणि थंडीत आठ तासांत दही कापता येईल असं लागतं. इडलीचं पीठही त्यातच फुगवते.

विजेचा खर्च सगळे विचारतात. कुकर १००० वॉटचा आहे, पण पूर्ण ताकदीने तो फक्त दाब येईपर्यंत चालतो, नंतर अधूनमधून. वरण-भाताला पाव ते एक तृतीयांश युनिट धरा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते, पण शेगडीवर त्यातला निदान तिसरा हिस्सा भांड्याच्या बाजूने निघून जातो. म्हणजे सिलिंडरचा भाव साधारण १२० ने भागा आणि तो आकडा बिलावरच्या दराशी ताडून बघा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढे दर चढतो आणि ३०० नंतर आणखी, त्यामुळे उत्तर घरागणिक बदलेल. आमच्याकडे महिन्याच्या खर्चात जाणवेल असा फरक पडला नाही. वीज गेली की मात्र आमच्या कुकरची लावलेली वेळ पुसली जाते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा जुना कुकरच बाहेर निघतो. तो मोडीत काढू नका.

निवडताना बटणांची संख्या बघू नका. चौदा प्रकारची बटणं असली तरी शेवटी दाब, मिनिटं, फोडणी आणि दही एवढंच लागतं. भांडं स्टीलचं घ्या, नॉनस्टिकवर आपले डबे आणि पळ्या ओरखडे काढतातच. दोघांच्या घराला तीन लिटरचा पुरतो, पण त्यात दोन डबे बसत नाहीत. तीन पिनांचा प्लग थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना "येताना एक इन्स्टंट पॉट आणा" असं सांगू नका. तिकडचा कुकर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल, आणि एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरते, मटणाचा तर फारच. उन्हात ठेवून कमी होतो, जात नाही. मी दोन रिंगा ठेवल्या आहेत, एक सामिषाची आणि एक वरण-भात-खिरीची, आणि श्रावणात आईच्या मनात किंतू राहिला नाही. विकत घेण्याआधीच दुकानदाराला विचारा की याच मॉडेलची रिंग आणि आतलं भांडं सुटं मिळतं का, आणि जमल्यास जादा रिंग त्याच वेळी घेऊन टाका. रिंग सैल पडली की कडेने वाफ जाते आणि दाबच येत नाही. दर वर्ष-दीड वर्षाने ती बदलावी लागणार, आणि दुसऱ्या कंपनीची रिंग नुसती मापाला जुळली तरी नीट बसेलच असं नाही.