डॉट कॉम की डॉट यूएस: पत्ता कोणाच्या वहीत?

न्यू जर्सीत दिवाळीचा फराळ विकणारी मावसबहीण विचारत होती, वेबसाइटला डॉट कॉम घेऊ की डॉट यूएस? म्हटलं, किमतीचं राहू दे, आधी तुझा घरचा पत्ता कोणाच्या वहीत जातो ते बघ.

डॉट कॉमची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे. तिच्यात वेबसाइटचं नाव, तारखा, सर्व्हर एवढंच. तुझा फोन-पत्ता रजिस्ट्रारकडे, म्हणजे तुला नाव विकणाऱ्या कंपनीकडे, आणि तो झाकता येतो. १९९९ मध्ये ही वही सांभाळणारी नेटवर्क सोल्युशन्स ही सरकारची कंत्राटदार कंपनी तर अख्खी यादी आमचीच मालमत्ता म्हणून अडून बसली होती!

डॉट यूएस अमेरिकी वाणिज्य खात्याच्या अखत्यारीत. २००१ मध्ये कंत्राट व्हेरिसाइनकडून न्यूस्टार कंपनीकडे गेलं, तसा वहीचा कारभारही गेला. पण २००५ पासून तिथे दुसऱ्याच्या नावाआड लपून नोंदणी करता येत नाही, म्हणजे पत्ता झाकता येत नाही.

घरच्या ओट्यावर चकल्या तळणार असशील तर डॉट कॉम. दुकानाचा पत्ता पाटीवरच असेल, तर डॉट यूएस चालेल.