सर्व्हर चालू, पण 'नेटवर्क'मध्ये गायब: फाइल एक्सप्लोररमधल्या एका विभागाचं परीक्षण

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे 'नेटवर्क' नावाचा विभाग असतो. ऑफिसचा फाइल सर्व्हर तिथे दिसला तर दिसला. नाही दिसला की "सर्व्हर बंद पडला" अशी ओरड होते आणि कोणीतरी जाऊन धडधाकट चालणारं मशीन रीस्टार्ट करतं. त्या वेळी ज्यांच्या फाइल्स उघड्या असतात त्यांचं काम जातं ते वेगळंच.

हा विभाग म्हणजे हजेरीपट. ज्या मशीनने "हजर" म्हणून आवाज दिला त्याचं नाव लागतं, गप्प बसलेलं मशीन वर्गात असूनही गैरहजर. म्हणून पहिली तपासणी इथे करूच नये. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचं नाव टाका: \\फाइलसर्व्हर. उघडला तर शेअरिंग ठीक आहे, बिघाड फक्त यादीत आहे. नाही उघडला तर नावाऐवजी आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका: \\१९२.१६८.१.२०. आयपीने उघडतो आणि नावाने नाही, तर डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी यंत्रणा) बघा. दोन्हींनी नाही, तर पॉवरशेलमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचं दार) देऊन चालवा. उत्तर 'फॉल्स' आलं तर फायरवॉल, केबल किंवा सर्व्हरवरची शेअरिंग सर्व्हिस यांतलं काहीतरी अडलंय. नुसत्या पिंगवर (मशीन उत्तर देतंय का एवढंच पाहणारी चाचणी) विसंबू नका. पिंग अडवलेला आणि ४४५ उघडा, किंवा नेमकं उलटं, असे दोन्ही प्रकार आढळतात.

ही कटकट वाढली ती २०१७ च्या ऑक्टोबरपासून. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ (फाइल शेअरिंगच्या एसएमबी प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) येत नाही किंवा न वापरल्यास आपोआप निघून जातं, आणि जुनी 'कॉम्प्युटर ब्राउझर' यादी त्याच्यावरच उभी होती. तिच्या जागी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी (मशीनने स्वतः 'हजर' म्हणायची नवी पद्धत) आली. जुन्या यादीबद्दल हळहळायचं कारण नाही. बंद झालेलं मशीन तिच्यात तब्बल ५१ मिनिटांपर्यंत रेंगाळू शकायचं.

या विभागातली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र लपवून ठेवली आहे. व्ह्यू 'डिटेल्स' करा, कॉलमच्या मथळ्यावर राइट क्लिक करा आणि 'डिस्कव्हरी मेथड' हा कॉलम जोडा. आता प्रत्येक नावापुढे डब्ल्यूएसडी (म्हणजे डब्ल्यूएस-डिस्कव्हरी), नेटबायोस (जुन्या यादीची पद्धत) किंवा एसएसडीपी (राउटर, टीव्ही अशी उपकरणं वापरतात ती पद्धत) असं दिसेल. नेमकं कोणाचं नाव कोणत्या वाटेने कळतंय हे त्यावरून समजतं. ज्या मशीनपुढे फक्त नेटबायोस आहे, ते उद्या कोणी एसएमबी १ काढलं की यादीतून जाणार, हे आजच ओळखता येतं. हा कॉलम मुळातच समोर का ठेवला नाही, हे कोडंच आहे.

पाहणाऱ्या पीसीवर नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' हवं. 'पब्लिक' असेल तर डिस्कव्हरी सहसा बंदच राहते. राउटर बदलल्यावर विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि प्रोफाइल पुन्हा पब्लिक होऊ शकतं, तेव्हा काल दिसत होता, आज नाही, या तक्रारीत आधी हे बघा. 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' ही सर्व्हिसही चालू हवी. दिसायचं आहे त्या मशीनवर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' लागते. तिचा स्टार्टअप 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' करून ठेवा.

विंडोज सर्व्हरवर एक खास चावटपणा आहे. 'टर्न ऑन नेटवर्क डिस्कव्हरी' निवडून सेव्ह केलं, आणि परत उघडून पाहिलं तर बटण पुन्हा 'ऑफ'वर. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. कारण ज्या सर्व्हिसेसवर ते अवलंबून आहे त्याच थांबलेल्या असतात. डीएनएस क्लायंट, रिसोर्स पब्लिकेशन, एसएसडीपी डिस्कव्हरी आणि यूपीएनपी डिव्हाइस होस्ट या चार सुरू केल्या की बटण जागेवर राहतं. एवढं एका ओळीत सांगायला काय हरकत होती? या एका गोष्टीसाठी एक गुण कापायलाच हवा.

लिनक्सवरचा सांबा (विंडोजसाठी फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम) स्वतः डब्ल्यूएस-डिस्कव्हरी बोलत नाही. सोबत डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवावा लागतो आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७ उघडावे लागतात. तयार नॅस पेट्यांमध्ये (नेटवर्कला जोडायच्या साठवणुकीच्या पेट्या) बहुधा एसएमबीच्या सेटिंगमध्येच याचा खटका असतो.

सगळं बरोबर असूनही दिसत नसेल तर नेटवर्कचा नकाशा काढा. डब्ल्यूएस-डिस्कव्हरीची 'हजर' ही हाक २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर जाते आणि राउटर ओलांडत नाही. सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग) आणि माणसं दुसऱ्यात असतील तर तो यादीत येणारच नाही, त्यामागे वेळ घालवू नका. गेस्ट वायफाय किंवा ॲक्सेस पॉइंटवरचं 'क्लायंट आयसोलेशन' (जोडलेल्या मशीनना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) असेल, तर यादीच काय, शेअरही बहुधा उघडणार नाही.

"एसएमबी १ चालू करा, लगेच दिसेल" हा सल्ला अजून फिरतो. वानाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस मे २०१७ मध्ये याच प्रोटोकॉलच्या विंडोजमधल्या भोकातून पसरला. नाव यादीत दिसावं एवढ्यासाठी तो दरवाजा उघडणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं.

दिसतो पण उघडत नाही, हा निराळा आजार. विंडोज ११ च्या २४एच२ प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) सक्तीचं झालं आणि पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद झाला. जुन्या नॅसवर गेस्ट शेअर ठेवलेल्या ऑफिसांना याचा फटका बसतो. साइनिंग काढू नका, नॅसवर पासवर्डसह यूजर बनवा. १२१९ क्रमांकाची एरर आली तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या यूजरनेमने आधीच जोडणी झालेली आहे. 'नेट यूज' या आज्ञेने ती पाहा, तोडा आणि नव्याने जोडा.

पाचपैकी दोन गुण. प्रिंटर शोधायला किंवा नवी नॅस पेटी पहिल्यांदा गाठायला हा विभाग बरा. रोजच्या कामासाठी प्रत्येक पीसीवर ड्राइव्ह मॅप करून द्या आणि सर्व्हरचा आयपी डीएचसीपीमध्ये (मशीनना आपोआप आयपी वाटणारी सेवा) राखून ठेवा. डोमेन (सगळ्या यूजर्सची लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) असेल तर मॅपिंग नावानेच करा, कारण आयपीने जोडलं की सहसा कर्बेरॉस या लॉगिनच्या भक्कम पद्धतीऐवजी एनटीएलएम ही जुनी, कमकुवत पद्धत वापरली जाते.