वायदा बंद, तरी माझे एक लाख चाळीस हजार गेले

२०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. लातूर भागात ते अजून कुणी विसरलेलं नाही, आणि फसवणारे लोक नेमकं त्यावरच पोट भरतात.

२०२४ च्या ऑगस्टात कुणीतरी मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात घातलं. 'सर' उपग्रहावरून पिकाचा उतारा, म्हणजे एकरी किती पिकेल ते, काढतात म्हणे. दर सोमवारी अमेरिकेतल्या शिकागो बाजारातला सोयाबीनचा भाव चढणार की उतरणार ते सांगायचे, सोबत शेतांचा हिरवा-पिवळा नकाशा. सलग चार सोमवार बरोबर आलं. मी बायकोला फोन दाखवून म्हणालो, "बघ, याला अभ्यास म्हणतात." ती काही बोलली नाही.

१४ सप्टेंबरला केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. ही बातमी खरीच होती. तिला जोडून सरांचा निरोप आला: उतारा घटणार, भाव सात हजार, माल विकू नका; आणि आत्ताच कमवायचं तर सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरवलेल्या भावानं, घ्या. एका ॲपची लिंक दिली. पैसे मात्र कुणा एका माणसाच्या बचत खात्यावर टाकायचे. तिथंच शंका यायला पाहिजे होती. आधी वीस हजार टाकले, चार दिवसांत ॲपवर सत्तावीस दिसले. पाच काढून बघितले, ते आले. मग सोसायटीचं कर्ज फेडायला ठेवलेले सव्वा लाखही घातले. पुढं पैसे काढायला गेलो तर म्हणे नफ्यावर १८ टक्के जीएसटी आधी भरा.

तो भरलाही असता, पण दसऱ्याला दाजी आले. चहा पिताना सरांचा विषय निघाला तर दाजी हसले. "आमचे पण एक सर होते. दुसऱ्याच सोमवारी खोटे पडले, मग ग्रुपच गायब." दोन्ही फोन शेजारी ठेवले. २६ ऑगस्ट, तोच नकाशा, खालचं वाक्यही तेच. माझ्याकडं 'चढणार', दाजींकडं 'उतरणार'.

खेळ असा असतो: सोळाशे लोक धरा. आठशेंना एक सांगायचं, आठशेंना उलटं. चुकलेले सोडून द्यायचे. चार सोमवारांनी शंभर माणसं उरतात, आणि त्या शंभरांना सर देव वाटतात. त्यातला एक मी.

दुसऱ्या दिवशी आडतीवर गेलो. आडत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, सोयाबीनचा वायदा चालू कुठाय?" सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२१ मध्येच सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले होते आणि बंदीची मुदत वाढवतच नेली होती. म्हणजे ॲपवर रोज हलणारा तो आकडा कुणीतरी बसून टाईप करत होतं. आडत्याला एक प्रश्न आधी विचारला असता तर फुकटात कळलं असतं. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांकही सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो, हे मला नंतर कळलं.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० वर फोन केला तेव्हा पैसे जाऊन तेरा दिवस झाले होते. लगेच कळवलं तर खात्यातच अडवता येण्याची आशा असते. मी पैसे टाकले ते खातं तोवर रिकामं झालेलं. तक्रार तेवढी नोंदवून घेतली.

हमीभाव ४,८९२ होता. सात हजारांच्या नादात खरेदी केंद्रावर नोंदणीच केली नाही. ३२ क्विंटल माल मार्चमध्ये ३,९०० नं घातला.

काल नव्या नंबरावरून परत लिंक आलीय. या वेळी तुरीचा वायदा आहे. तो तर २००७ पासून बंद आहे.